डावखुरीचा ठिपका

समजा, तुम्ही खुर्चीत बसला आहात. समोर पडद्यावर नकाशा आहे आणि हातात एक पिवळी पडलेली चिठ्ठी. ती एका शंखाच्या डबीतून निघाली आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, "पुलापलीकडे, ओढ्याच्या काठी, दगडाखाली." बस्स. कुठला पूल, कुठला ओढा, काही नाही. लिहिणारा केव्हाच हे जग सोडून गेला. आता या गोगलगायीसाठी तुम्ही नकाशावर एक ठिपका द्या.

घाबरू नका. जुना नकाशा काढा आणि नव्यावर अंथरा. शंख गोळा करणारा माणूस आदल्या दिवशी कुठे होता ते त्याच्या दुसऱ्या चिठ्ठ्यांवरून बघा. तो पायी फिरायचा, म्हणजे फार लांब गेला नसणार. तीन पूल उरतात. त्यातल्या एकाखाली रेल्वेचे रूळ आहेत, तो बाद. राहिले दोन. मग दोघांच्या मधोमध ठिपका ठेवा आणि त्याच्याभोवती एक वर्तुळ काढा, म्हणजे "असेल तर यात कुठेतरी". शंका जेवढी मोठी, तेवढं वर्तुळ मोठं.

जमलं? शाबास. आता पुढची चिठ्ठी घ्या. त्यावर लिहिलंय, "जंगल."

ठिपकाताईचं हे रोजचं काम होतं. "जंगल" वाचून तिला आता हसू यायचं. रडू यायचे दिवस नोकरीच्या पहिल्याच वर्षी संपले होते.

तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. बाकी संग्रहालयात झाडूवाल्यापासून मॅडमपर्यंत सगळे तिला ठिपकाताईच म्हणत. मागच्या इमारतीत, पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटांआड तिचं टेबल होतं. खिडकी होती, पण खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. डांबरगोळ्यांचा वास कपड्यांत इतका मुरला होता की ती घरी आली की नवरा वर न बघता म्हणायचा, "आलीस वाटतं. मला वाटलं कुणीतरी कपाट उघडलं."

जगभरची संग्रहालयं, विद्यापीठं आणि मोबाइलवर फोटो काढत हिंडणारी हौशी माणसं आपापल्या नोंदी एका सामायिक साठ्यात टाकत असतात. कोणता जीव दिसला, कुठे दिसला, कधी दिसला. तिथून कुणीही त्या घ्याव्यात आणि वापराव्यात. या साठ्यात संग्रहालयाचा वाटा घालण्याआधी तो निवडून पाखडून घेणं ताईकडे होतं, आणि खडे तरी किती निघायचे. कुणी अक्षांश-रेखांशाची अदलाबदल केली की वाळवंटातली पाल बर्फात कुडकुडत बसायची. कुणी रकाने मोकळे सोडले की कॉम्प्युटर आपल्या मनाने तिथे शून्य भरायचा, आणि दोन्हीकडे शून्य म्हणजे नकाशावर भर समुद्र. तिथे एक अस्वल, काही निवडुंग आणि रानकोंबड्यांचं आख्खं कुटुंब पाण्यावर उभं होतं. ताई त्या जागेला वसतिगृह म्हणायची. सकाळी आल्या आल्या आधी तिथे डोकवायची, रात्रीतून कोण राहायला आलंय ते बघायला.

सगळं छान होतं. एकच गोष्ट तिला सलायची. हजारो जिवांना तिने पत्ते मिळवून दिले होते, पण त्यातल्या एकाच्याही घरी ती कधी गेली नव्हती. दर पावसाळ्यात शोधमोहिमेची गाडी निघायची. तीत शास्त्रज्ञ बसायचे, वाटाड्या बसायचा, आणि उरलेल्या जागेवर खोके. ताई दारात उभी राहून खोक्यांना हात हलवायची.

या वर्षी मात्र मॅडमनी शब्द दिला होता. मॅडम म्हणजे विभागप्रमुख, शब्द जपून वापरणारी बाई. "डावखुरीचा नवा, पक्का ठिपका मिळवा. मोहीम तिकडेच नेऊ, आणि गाडीत तुमची जागा. खोके टपावर."

डावखुरी ही एक गोगलगाय. शंखाचं टोक वर धरून त्याचं तोंड आपल्याकडे केलं, तर बहुतेक गोगलगायींचं तोंड उजव्या हाताला येतं. हिचं डाव्या. एरवी ती ओल्या भिंतींवर सगळीकडे दिसणाऱ्या साध्या गोगलगायीची हुबेहूब बहीण. संग्रहालयात तिचे तीन जुने शंख होते. त्यानंतर कित्येक वर्षांत ती कुणालाही दिसली नव्हती. या शुक्रवारी नोंदी सामायिक साठ्यात जायच्या होत्या, आणि ठिपका त्याआधी हवा होता.

सोमवारी तो मिळाला. एक नव्हे, पाच.

फोटो मोबाइलच्या ॲपवरून आले होते. पाठवणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं "शेजारीण". सहा फोटोंपैकी पाचांत शंखाचं तोंड स्वच्छ डावीकडे. सहाव्यात उजवीकडे, म्हणजे साधीच गोगलगाय. तिच्याखाली शेजारणीने लिहिलं होतं, "ही पण तिथेच होती. वाईट वाटायला नको."

"ताई, पाच डावखुऱ्या," मॉडेलवाला म्हणाला आणि चाकाच्या खुर्चीसकट तिच्या टेबलावर येऊन आदळला. हा ताईहून लहान, नुकताच लागलेला. त्याचं काम लग्न जुळवणाऱ्या बाईसारखं. ठिपके दिले की त्याचं मॉडेल प्रत्येक ठिपक्याच्या जागी ऊन किती, पाऊस किती, उंची किती, झाडी किती ते बघायचं, आणि मग मुलगी अजून कुठे कुठे सुखात नांदेल त्या जागा नकाशावर लाल करून दाखवायचं. "तू ठिपके तपास, मी तोवर चालवून बघतो."

"आधी तपासू दे की."

"नुसतं बघतो गं."

त्याने चालवलं. थोड्या वेळाने पडद्यावर नकाशा उमटला आणि दोघंही पुढे वाकली. डोंगर कोरे होते. दऱ्या कोऱ्या. लाल झाली होती ती फक्त शहरं, सगळीच्या सगळी. बसस्थानकं लाल, बाजारपेठा लाल, विमानतळ तर नुसता पेटला होता.

"डावखुरीला पार्किंग आवडतं," मॉडेलवाला गंभीरपणे म्हणाला.

"पाचही ठिपके एकाच जागी आहेत का रे?"

"एकावर एक. थाळ्या रचल्यासारखे."

ताईने नकाशा मोठा केला. शहर आलं, मग रस्ता, मग गल्ली. कोपऱ्यावरचं सायकल दुरुस्तीचं दुकान आलं. एक इमारत आली, तिच्या गच्चीवर निळी टाकी, आणि टाकीशेजारी वाळत घातलेली हिरवी चादर.

ताई पडद्याजवळ सरकली. मग लांब गेली. मग पुन्हा जवळ आली.

"काय झालं?"

"ही चादर माझी आहे," ताई म्हणाली.

मॉडेलवाल्याने ठिपक्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ताई, तू गोगलगायी पाळतेस?"

"ठिपका माझ्या स्वयंपाकघरात आहे. ओट्याच्या थोडा डावीकडे."

त्याला हसू आवरेना. मॅडम बघायला आल्या, तर त्यांना सांगण्यापुरतंही तोंड त्याला उघडता आलं नाही, नुसता बोटाने दाखवत राहिला. ताई मात्र मनातल्या मनात घरची माणसं मोजत होती. मोजायला फार वेळ लागला नाही. घरात तिघंच होती.

संध्याकाळी चहाच्या टेबलावर तिने नवऱ्यावर डोळे रोखले. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला कुणी डोळे रोखून बघितलं की आपोआप काहीतरी बिघडलंय असं वाटायचं.

"मी काही केलं नाही," तो म्हणाला.

"तू गोगलगायींचे फोटो काढतोस?"

"मला पाली बघवत नाहीत, गोगलगायी कुठून काढू? उलट माझंच सामान गायब आहे. लांब दांड्याचा आरसा सापडत नाही. लिफ्टच्या खाली न वाकता बघायला लागतो तो. महिना झाला शोधतोय."

सासूबाई चहात बिस्किट बुडवत होत्या. ते बुडलं, पार तळाशी गेलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"आई," ताई हळूच म्हणाली, "गुडघ्यांच्या व्यायामाला रोज जाता ना?"

"जाते की."

"तिथे काय काय करून घेतात?"

"हेच. वाकायचं नाही सांगतात."

"आणि 'शेजारीण' कोण?"

सासूबाईंनी चमचा घेऊन बिस्किट बाहेर काढलं, ते खाल्लं, तोंड पुसलं. सगळं आयुष्य त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं. गावभरच्या लोकांचं बोलणं या कानाने ऐकून पोटात ठेवायचं, हीच नोकरी. त्यांच्याकडून काही काढून घेणं म्हणजे बंद बँकेतून पैसे काढण्यासारखं होतं.

"व्यायामाचा मास्तर कंटाळवाणा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "एक दोन, एक दोन. मी फिरायला जाते. तिथे या भेटल्या. घाई नाही, गडबड नाही, कुणी फोन करत नाही. फोटो काढते आणि घरी येऊन वायफायवर पाठवते. परदेशातून लोक टाळ्यांची चित्रं पाठवतात. तुम्ही दोघं कधी पाठवलीत?"

ठिपके स्वयंपाकघरात का पडले ते ताईला कळलं. ॲप फोटो काढल्याची जागा धरत नव्हतं, पाठवण्याचं बटण दाबल्याची धरत होतं. आणि सासूबाई ते दाबायच्या ओट्याशेजारी उभ्या राहून, दूध उतू जाऊ नये म्हणून.

"आई, ती जागा सांगा. शुक्रवारच्या आत मला खरा ठिपका द्यायचाय. नाहीतर या नोंदी मला खोडाव्या लागतील."

"नाही सांगणार."

"अहो, आई."

"तू ते जगाला वाटणार. मग येतील पिशव्या घेऊन, शंख गोळा करायला. मी काय बघितलं नाही? एकाला सांगितलं की सगळ्या गावाला कळतं. आमच्याकडे तर तारेतून कळायचं."

"तिचं बरोबर आहे हां," नवरा म्हणाला आणि दोघींनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो आरसा शोधायला उठून गेला.

मग ताईने कागद घेतला. त्यावर पेनाने एक ठिपका दिला आणि त्याच्याभोवती बशी उपडी ठेवून हे मोठं वर्तुळ काढलं. "हे बघा. खरा ठिपका संग्रहालयात राहील, कुलुपात. जगाला फक्त वर्तुळ दाखवायचं, की असेल तर यात कुठेतरी. दुर्मीळ जिवांचं आम्ही असंच करतो. अभ्यास करणाऱ्याला खरी जागा हवी असेल तर त्याने मॅडमकडे अर्ज करायचा. पिशवीवाला या वर्तुळात हिंडून हिंडून म्हातारा होईल."

सासूबाईंनी चष्मा लावून वर्तुळ बघितलं. "बशी लहान आहे," त्या म्हणाल्या. "ताटली घे."

ताटलीवर तोडगा निघाला.

मंगळवारी ताईने अर्धी रजा टाकली. सासूबाई पुढे आणि ताई मागे, अशा दोघी निघाल्या. बंद पडलेल्या धुलाई कारखान्यामागे एक मोठा नाला होता, त्यावर जुनी दगडी मोरी. मोरीच्या छताला आतून शेवाळ होतं आणि थेंब थेंब पाणी गळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ताई एखाद्या ठिपक्याच्या आत उभी होती.

"कुठे आहेत?"

"थांब, असं नाही दिसायचं. वाकायला मनाई आहे ना मला." सासूबाईंनी पिशवीतून लांब दांड्याचा आरसा काढला, सराईतपणे मोरीखाली घातला, वळवला, आणि दुसऱ्या हाताने मोबाइल आरशावर रोखला. "ये, बघ. बसल्यात की नाही राण्या?"

आरशात छतावर गोगलगायी होत्या. एकीचं तोंड डावीकडे. दुसरीचं डावीकडे. तिसरीचंही डावीकडे. ताईला नाचावंसं वाटलं. प्रत्यक्ष बघावं म्हणून ती सरळ ओल्या दगडांवर उताणी झोपली आणि मोरीखाली सरकली.

छतावर त्याच गोगलगायी होत्या. सगळ्यांची तोंडं उजवीकडे.

ताई तशीच पडून राहिली. कपाळावर एक थेंब पडला. मग दुसरा. आरसा डाव्याचं उजवं करतो आणि उजव्याचं डावं, हे शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असतं. सासूबाईंनी काढलेले फोटो गोगलगायींचे नव्हते, आरशातल्या गोगलगायींचे होते.

"काय गं, झोप लागली का?" वरून आवाज आला.

ताईला आधी रडू येईल असं वाटलं. आलं हसू. ते मोरीत घुमलं, आणि मग थांबेचना. खालून उत्तर येत नाही म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या. मग कारण कळल्यावर त्यांनी आरशाकडे असं बघितलं की जणू त्यानेच लबाडी केली. "मेल्या," त्या आरशाला म्हणाल्या. जरा वेळाने हळूच विचारलं, "म्हणजे तुझी गाडी गेली?"

"गेली."

"कुणाला सांगितलं नाही तर? मी तर बोलणार नाही. मला सवय आहे."

तेही खरं होतं. फोटो पाच, परदेशातल्या दोन जाणकारांनी या डावखुऱ्याच असा होकार दिलेला. मोरीची जागा आता पक्की. ठिपका उचलून इथे ठेवला की झालं. मोहिमेने शोधलं आणि सापडली नाही, तर गोगलगायी हलल्या म्हणता येईल. घरी परतताना रस्ताभर ताईने ही गोष्ट मनात फिरवून बघितली. पण त्या खोट्या ठिपक्यावर मॉडेलवाला नकाशा करणार, तो नकाशा दुसरा कुणी उचलणार, त्यावर तिसरा. ती रोज इतरांचे खडे वेचायची. आपल्या हाताने एक टाकावा हे काही तिच्या बोटांना जमलं नसतं.

बुधवारी तिने सगळं सांगून टाकलं, दांड्याच्या आरशासकट. मॉडेलवाल्याने टेबलावर डोकं टेकलं. त्याच्या खांद्यांवरून तो हसतोय की रडतोय ते मॅडमना कळेना.

"खोडा," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा पडला होता.

"खोडायला नको. फोटो उलटे आहेत, तर सुलटे करू आणि साध्या गोगलगायीच्या नोंदी म्हणून ठेवू," मॉडेलवाला डोकं न उचलता म्हणाला. "साध्यांना पण मान असतो. तुझ्या सासूबाईच म्हणाल्या ना, वाईट वाटायला नको."

एकेक फोटो उलटत बसायचा त्याला कंटाळा. त्याने पूर्ण फोल्डरला एकच आज्ञा दिली, डावं ते उजवं कर. फोटो पडद्यावर एकामागून एक आले. उजवी. उजवी. उजवी. उजवी. उजवी. डावी.

"एक राहिला वाटतं उलटायचा," तो म्हणाला.

ताईने त्याचा माउस ओढून घेतला.

"ताई, राहिला असेल. पुन्हा देतो आज्ञा."

"राहिला नाहीये," ताई म्हणाली. "तो सहावा आहे. आईंनी 'साधी' म्हणून पाठवलेला."

आरशात पाच साध्या डावखुऱ्या दिसल्या होत्या. आणि जी आरशात साधी दिसली, जिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, ती.

मॅडम खुर्चीत बसल्या. ती मॉडेलवाल्याची खुर्ची होती, चाकांची, त्यामुळे त्या बसल्या बसल्या कपाटापर्यंत गेल्या. ताईने घरी फोन लावला.

"आई, सहावा फोटो आरशातूनच काढला होता ना? अगदी नक्की?"

"मी वाकते का कधी?" सासूबाई म्हणाल्या. "कोपऱ्यात बघ, आरशाची कड आलीय. माझा अंगठा पण आलाय. का गं? दूध उतू जातंय, लवकर बोल."

ताईला लवकर बोलताच येईना. मागे मॉडेलवाला पेंढा भरलेल्या बगळ्याशी हस्तांदोलन करत होता, बगळ्याला हात नसूनही.

शुक्रवारी नोंदी गेल्या. पाच साध्या, एक डावखुरी, ताटलीएवढं वर्तुळ, आणि फोटो कसे काढले त्याचा एक प्रामाणिक परिच्छेद, जो वाचून परदेशातल्या दोन्ही जाणकारांनी आपला होकार मागे घेतला आणि सहाव्याला नव्याने दिला. त्यातल्या एकाने सोबत सावधही केलं. साध्या गोगलगायींत क्वचित एखादी उलटी जन्मते. ती डावखुरी जातीची नसते, नुसती चुकून डावी झालेली असते. आणि डाव्या शंखाची उजव्या शंखाशी जोडी सहसा जमत नाही, अंगच जुळत नाही. तेव्हा एकीवरून काही म्हणता येणार नाही. दुसरी दाखवा.

दुसरीसाठी सासू-सुनांनी मोरी पालथी घातली. ताई उताणी, सासूबाई आरसा घेऊन, आणि नवरा नाल्याबाहेर टॉर्च धरून, आत पाल निघेल या भीतीने डोळे मिटून. त्या एकीचाही पुन्हा पत्ता लागला नाही. मग मॉडेलवाल्याने जुन्या तीन शंखांच्या ठिपक्यांना हा चौथा जोडला. "चार म्हणजे काहीच नाही हां, ताई. मॉडेल चार ठिपक्यांवर नुसत्या गप्पा मारतं." तरी त्याने ते चालवलं. विमानतळ विझला. शहरं कोरी झाली. नदीपलीकडच्या उतारावर, जिथे आजवर कुणीच गोगलगायी शोधायला गेलं नव्हतं, तिथे एक बारीकशी लाल पट्टी उमटली.

मॅडमनी शब्द पाळला. पक्का नसला तरी ठिपका खरा होता, म्हणाल्या, आणि खोके टपावर बांधायला लावले.

तर आता गाडी चालली आहे. ताई खिडकीशी आहे. खिडकीतून भिंत दिसत नाही, म्हणून ती सारखी बाहेर डोकं काढते आणि ड्रायव्हर सारखा तिला आत घ्यायला सांगतो. मांडीवर नकाशा आहे, त्यावर लाल पट्टी. मॉडेलवाला मागे बसून सांगतोय की लाल म्हणजे तिला आवडेल अशी जागा, ती तिथे आहे असं नव्हे, आणि ताई म्हणते, माहितेय रे, मीच तुला शिकवलं. पण तिचं लक्ष तिकडे नाही. मोरीच्या त्या ओल्या छतावर, सगळ्या उजव्यांच्या घोळक्यात बसलेली ती एक तिच्या डोळ्यांपुढून जात नाही. ती चुकून डावी जन्मली होती, की तिच्यासारखी अजून कुणीतरी कुठेतरी आहे?